इरफानने धरून ठेवलेली जागा

अन्याय झाला तो इरफानवर. गेल्या वर्षी, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी. आणि तो मी केला. हे आजवर कुणाला बोललो नाही — आईलासुद्धा नाही.

मला तुम्ही ओळखता. पत्रकं काढणारा, तोच मी. ‘गरज असते तेव्हा पुढारी असतो कुठे?’ — हे पत्रक माझंच. पोलादपूरच्या नाक्यावर वाटलं, मार्चमध्ये चवदार तळ्यावर वाटलं. काय चीड होती त्यात! खरी होती हो. म्हणून तर जास्त लाज वाटते.

कबड्डीच्या संघात इरफान माझ्या शेजारी. मी कॅप्टन, डाव्या कोपऱ्यावर. त्याचा हात माझ्या हातात. साखळीत एकच गोष्ट अंगात मुरवावी लागते — चढाईवाला कितीही अंगावर येवो, शेजारचा आहे असं धरूनच चालायचं. वळून बघितलंस की गेलास. हे त्याला कुणी शिकवलं? मीच.

दरडीने वाडीचा रस्ता नेला, पुढारी फिरकले नाहीत, तेव्हा मी रास्ता रोको पुकारला. इरफानचं कुवेतला जायचं ठरलं होतं. अंगावर केस नको म्हणून त्याची आई अडवत होती. मी घरी जाऊन त्याला आणलं. “कॅप्टन हाय ना बाजूला,” तो आईला म्हणाला.

रस्त्यावर आम्ही मैदानातल्यासारखेच हात धरून उभे राहिलो. मग खालच्या वळणावर पोलिसांची गाडी दिसली — आणि मी म्हणालो, रेंज बघून पत्रकारांना फोन लावून येतो. रेंज होती. मी टपरीजवळच्या टेम्पोआड जाऊन बसलो.

तिथून सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं. एकेक हात सुटत गेला.

“कॅप्टन वडापाव खायला गेला वाटतं!” कुणीतरी ओरडलं. “इरफान, पळ रे!”

“जा तुम्ही. तो येतोय. मी हटलो तर त्याने उभं कुठं राहायचं?”

डावीकडे माझी जागा मोकळी ठेवून तो एकटा उभा होता. एकदाही वळला नाही. वळला असता तर टेम्पोखालून माझे पाय दिसले असते त्याला.

गुन्हा त्याच्या नावावर लागला. पोलिसांचा दाखला अडला, कुवेतची नोकरी गेली. आता तो महाडला ट्रक भरतो. आणि लोकांना सांगतो काय? — कॅप्टनने फोन लावला म्हणून बातमी आली. बातमी मी संध्याकाळी दिली, घरी बसून! हे त्याच्या तोंडून ऐकतो आणि गप्प राहतो. परवा खेळायला बोलावलं, तर म्हणाला, “तू हायस ना? मग येतो.”

मी घाबरलो. एवढंच. याहून मोठं कारण शोधलं, सापडलं नाही.

रविवारी रस्ता समितीची बैठक आहे. अध्यक्ष म्हणून माझं नाव येणार, टाळ्या पडणार. तुम्ही तिथे असाल. टाळी वाजवू नका. उभे राहा आणि मोठ्याने ‘नाही’ म्हणा.