चिंधी बांधलेली बाटली

लग्न होऊन मी कोल्हापुरात आले तेव्हा संस्थान विलीन होऊन फार काळ लोटला नव्हता. ह्यांचा दवाखाना घराच्या पुढच्या खोलीत होता आणि मधल्या दाराला नुसता पडदा. त्यामुळे सासरच्या नातलगांची नावं पाठ व्हायच्या आधी मला पेठेतले खोकले ओळखू यायला लागले. कोरडा कोणाचा, ओला कोणाचा आणि शाळा बुडवण्यापुरता कोणाचा, हे मी स्वयंपाकघरात भाजी चिरताना सांगू शकत असे.

तेव्हा औषधाची बाटली पेशंटने घरून आणायची असे. कोणी सरबताची आणी, कोणी अत्तराची, कोणी खोबरेल तेलाची. आमचे कंपाउंडर ती गरम पाण्याने खळखळून धूत, औषध भरत, बूच लावत आणि बाहेरून डोसाच्या खुणांची कातरलेली कागदी पट्टी डकवत. साठीकडे झुकलेला, काळी टोपी घातलेला हा गृहस्थ ह्यांच्या आधीच्या डॉक्टरांपासून औषधांच्या टेबलामागे उभा होता. पोटात घ्यायचं औषध आणि अंगाला चोळायचं औषध, दोन्ही तशाच बाटल्यांतून जाई. चोळायच्या बाटलीवर ते सुबक अक्षरात ‘बाह्योपचारार्थ’ असं लिहीत. आमच्या बऱ्याच पेशंटांना वाचता येत नसे, आणि ज्यांना येई त्यांना तरी तो शब्द कळत होता की नाही, देव जाणे.

एके सकाळी शाहूवाडीकडचं एक शेतकरी जोडपं आलं. बाईचा खोकला इतका ओढून येत होता की बाकावरची माणसं अंग चोरून बसली. मी तिला आत बोलावलं आणि मधल्या सोप्यात बसवून कोमट पाणी दिलं. हिरवं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. पाणी पिऊन जरा दम खाल्ल्यावर ती म्हणाली, “आमच्यात पावसाळा सगळा चुलीम्होरं जातोय बाई. ओली लाकडं. धूर काय सोडत न्हाय.” तिला तपासून झाल्यावर ह्यांनी बजावलं, “औषध जेवल्यावर घ्यायचं. उपाशीपोटी नाही.” तिने ते दोनदा म्हणून दाखवलं.

त्याच वेळी जवळच्या तालमीतले वस्ताद खांदा धरून आले होते. त्यांना चोळायला औषध लिहून दिलं, आणि हे सायकल काढून गावाबाहेरच्या एका व्हिजिटला निघून गेले. दोघांनीही सरबताच्या सारख्याच बाटल्या आणल्या होत्या, त्या कंपाउंडरांनी भरून दिल्या. थोड्या वेळाने दवाखाना रिकामा झाला आणि मी वरणाला फोडणी दिली.

फोडणीचा चर्र आवाज थांबतो न थांबतो तोच बाहेरून वस्तादांचा आवाज आला. “कंपाउंडर, ह्ये कसलं औषध दिलंसा? चोळल्यापास्नं माशा बसायल्यात.”

मी पडदा बाजूला केला. वस्ताद उघड्या अंगाने, धोतर नेसून दारात उभे होते. उजवा खांदा पाक घातल्यासारखा चमकत होता आणि त्यावर खरोखरच माशा घोंघावत होत्या. “गुण हाय, मी न्हाय म्हणत न्हाय,” ते म्हणाले, “हात हलवाय गेलं की कातडं चिकटतंय, म्हणून दुखत न्हाय. पर तालमीतली पोरं हासायल्यात.”

मला हसू आलं. कंपाउंडरांनी मात्र वस्तादांच्या हातातली बाटली घेऊन वास घेतला आणि एक थेंब बोटावर घेऊन चाखला. ते खोकल्याचं औषध होतं, साखरेच्या पाकातलं. मग माझंही हसू विरलं. वस्तादांची बाटली कुठे गेली असेल हे सांगायला कोणाची गरज नव्हती. त्यात टर्पेंटाइन होतं, आणखी कसलं कसलं झोंबणारं तेल होतं. चमचाभर पोटात गेलं असतं तरी त्या बाईचे हाल झाले असते, आणि खेड्यात रात्री तिला बघणार कोण होतं?

“मलकापूरच्या मोटारीनं जाणार म्हणत हुती ती,” कंपाउंडर पुटपुटले. त्या वयात त्यांना धावत पाठवण्यात अर्थ नव्हता. ह्यांचा पत्ता नाही. बाईला जवळून पाहिलेलं मीच.

मी चुलीवरचं पातेलं उतरवलं, पदर खोचला आणि चपला घातल्या. वस्ताद म्हणाले, “वैनी, एकट्या जाऊ नका, मी येतोय.” त्यांनी नाक्यावरचा टांगा हाक मारून आणला आणि स्वतः टांगेवाल्याशेजारी पुढे बसले. नवी सून मागे, उघडाबंब पैलवान पुढे, आणि त्याच्या खांद्यावर बसायला धडपडणाऱ्या माशा. अशी आमची वरात भर रस्त्यातून निघाली. ओळखीची माणसं थांबून बघत होती. एरवी मी लाजेनं मेले असते, पण त्या दिवशी घोडं अंगात आल्यासारखं का पळत नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

स्टँडवर पोचलो तर शाहूवाडीकडे जाणारी मलकापूरची मोटार सुरू होऊन धूर सोडत निघाली होती. वस्तादांनी टांग्यातून उडी टाकली आणि ते सरळ मोटारीसमोर जाऊन पाय रोवून उभे राहिले.

“वस्ताद, बाजूला सरा की,” ड्रायव्हर खिडकीतून ओरडला.

“सरतो. आधी वैनीस्नी आत जाऊ द्या.”

मी आत चढले. हिरवं लुगडं मागच्या बाकावर दिसलं. बाटली नवऱ्याच्या हातात होती आणि बूच उघडलेलं होतं.

“घेतलंत का औषध?” मी विचारलं.

“न्हाय की,” बाई म्हणाली. “ह्यो मगापास्नं मागं लागलाय, एक घोट घे, एक घोट घे. मी म्हटलं, डाक्टरनी जेवल्याबिगर घ्यायचं न्हाय म्हणून सांगितलंय. आणि भाकरी हाय घरी.”

मी हात पुढे करून म्हटलं, “बाटली द्या. ही तुमची नाही, बदलली आहे.”

नवऱ्याने बाटली छातीशी धरली. “एकदा दिल्यालं औषध माघारी मागतासा व्हय? चांगलं जालीम हाय की. नुसत्या वासानं डोळ्यांत पाणी येतंय.”

“ते अंगाला चोळायचं आहे. पोटात गेलं असतं तर मालकीणबाई आजारी पडल्या असत्या. तुमचं औषध ते बघा, त्यांनी चोळलंय,” असं म्हणून मी खिडकीतून बाहेर बोट दाखवलं. त्याने वाकून बाहेर बघितलं. वस्ताद माशा वारत उभे होते. त्याची खात्री पटली. बाटली त्याने लांब हाताने, विंचू धरावा तशी माझ्याकडे दिली.

मोटार त्यांना सोडून गेली. पुढची दुपारी होती. मी त्या दोघांना टांग्यात घालून घरी आणलं, वरणभात वाढला, आणि जेवल्यावर त्या बाईने आमच्याच सोप्यात खऱ्या औषधाचा पहिला डोस घेतला. मग समाधानाने म्हणाली, “गोड हाय.”

हे परत आले तेव्हा ती दोघं अजून बसलेली होती. कंपाउंडरांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. ह्यांनी आवाज चढवला नाही. सायकल भिंतीला लावली, हात धुतले आणि त्या बाईसमोर येऊन म्हणाले, “माझ्या दवाखान्यातून तुम्हांला चुकीचं औषध गेलं. दवाखाना माझा, चूक माझी.”

नवरा गोंधळला. डॉक्टर असं काही बोलतात हे त्याने ऐकलं नसावं. तो म्हणाला, “घडतंय. तुमी सांगितलं नसतंसा तर आमास्नी कळलंबी नसतं.”

ती दोघं गेल्यावर कंपाउंडर म्हणाले, “डॉक्टर, हे भायेर बोलू नका. गिऱ्हाईक तुटंल. मला काढून टाका, पर बोलू नका.”

“तुम्हांला काढून काय होणार?” हे म्हणाले. “उद्या दुसरा माणूस त्याच टेबलावर त्याच दोन बाटल्या शेजारी ठेवील.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बाकं भरल्यावर ह्यांनी दारात उभं राहून सगळी हकिगत सांगितली. माझ्या टांग्याच्या वरातीसकट, जे मला आवडलं नाही. मग कोपऱ्यातली एक म्हातारी म्हणाली, “मग ही बाटली माझीच हाय हे कशावरनं?”

“बरोबर. हेच विचारायचं,” हे खूश होऊन म्हणाले. “रोज विचारायचं.”

लोकांनी ते फारच मनावर घेतलं. काही जण घाबरून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले, त्यातले काही परत आले. राहिलेले सगळे वकिलासारखे उलटतपासणी करू लागले. चोळायच्या औषधांसाठी वेगळं टेबल खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला आलं. ‘बाह्योपचारार्थ’चं काय करायचं यावर आम्ही जेवताना बोललो. मी म्हटलं, जखमेवर चिंधी बांधतात हे कुणालाही माहीत असतं. कातडीला लावायच्या बाटलीच्या गळ्यालाही चिंधी बांधा. अंधारात हाताला लागेल, वाचायला नको. माझं एक विटलेलं लाल लुगडं त्या कामी आलं. पेठेत आमचं नाव ‘चिंध्यांचा दवाखाना’ पडलं. ह्यांना ते आवडलं, सासूबाईंना मुळीच नाही.

कंपाउंडर काही दिवस खाली बघूनच बाटल्या भरत होते. मग हळूहळू त्यांना धीर आला, आणि धीराबरोबर आवाजही. बाटली हातात देताना औषध कसलं, कुठे आणि कधी घ्यायचं ते मोठ्यानं सांगायचं आणि पेशंटकडून वदवून घ्यायचं, असं हे म्हणाले होते. कंपाउंडरांनी ‘मोठ्यानं’ हा शब्द कोल्हापुरी अर्थाने घेतला. “खोकला! पोटात! जेवल्यावर!” अशी आरोळी गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू जाई. कोणाला जुलाब झालेत, कोणाला खरूज, हे समोरच्या किराणा दुकानदाराला घरबसल्या कळू लागलं.

शेवटी हायस्कुलातले एक मास्तर मधल्या दारापाशी आले आणि पडद्याआडून मला हळूच म्हणाले, “वहिनी, डॉक्टरांना सांगा, माझं औषध तेवढं खालच्या पट्टीत सांगितलं तर बरं. समोर माझे विद्यार्थी उभे आहेत.”

मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी कंपाउंडरांना जवळ बोलावून समजावलं. कंपाउंडरांनी मान हलवली, मास्तरांच्या कानाशी लागून सगळं नीट सांगितलं, मास्तरांनी ते तसंच कुजबुजत म्हणून दाखवलं, आणि मगच बाटली त्यांच्या हातात पडली.