बाराकाकांची मोजणी

बाराकाकांचं खरं नाव धक्क्यावर कुणाला ठाऊक असेल तर शपथ! बोटीच्या परवान्यावर बारा प्रवासी लिहिलेले, म्हणून हे बाराकाका. तेरावा आला की यांचा हात आडवा. एकदा सख्खा मेहुणाच तेरावा निघाला, तोही नवी कोरी चप्पल घालून आलेला. त्यालाही धक्क्यावर उभा ठेवून काका निघून गेले. मेहुणा वर्षभर बोलला नाही म्हणतात.

चढणाऱ्या प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून काका मोठ्यानं मोजायचे, बुडू न देणाऱ्या जाकिटाचा पट्टा स्वतः आवळायचे, मगच इंजिन सुरू. बोट तपासल्याचा दाखला, डोळे तपासल्याचा दाखला, परवाना, सगळं सुकाणूशेजारी काचेमागं लावलेलं. तपासणीला आलेले साहेब त्यावर नुसती नजर टाकायचे आणि चहा घेऊन जायचे.

चहा काकूंचा. मांडीवर किटली आणि कागदी पेले घेऊन त्या मागच्या फळीवर बसायच्या.

"अहो, मला मोजलंत का?" रोजचा प्रश्न.

"तू कुठं भाडं देतेस? भाडं देतो तो प्रवासी."

"मग खलाशी म्हणून तरी लिहा."

"खलाशाला पगार द्यावा लागतो, बाईसाहेब!"

सगळी बोट हसायची. बोटीवर जाकिटं तेरा. बारा प्रवाशांची, एक काकांचं.

त्या दुपारी मोठ्या जहाजाची लाट आडवी आली. घाबरून सगळे एकाच बाजूला धावले आणि बोट कलंडली. पाण्यातसुद्धा काकांनी सवयीनं मोजलं. दहा, अकरा, बारा.

"आले! सगळे आले!" ते ओरडले.

मग चहाचे कागदी पेले तरंगत आले.

चौकशीला तेच चहावाले साहेब होते. लिहिता लिहिता थांबून हळूच म्हणाले, "काका, बाराच्या बारा वाचले. काकू तुम्हाला न विचारता चढल्या, असं लिहितो. परवाना वाचेल. नाहीतर या वयात करणार काय तुम्ही?"

खरंच होतं ते. चाळीस वर्षांत काकांनी सुकाणू सोडून दुसरं काही हातात धरलं नव्हतं.  तरी ओलाव्यानं फुगलेला परवाना त्यांनी साहेबांपुढं सरकवला.

"न विचारता कशी, साहेब? रोज विचारायची. मीच उत्तर दिलं नाही." त्यांनी डोळे पुसले. "तेरा लिहा."