वडीगोद्रीचा वायवर्णा

अंबडच्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवत असे. नव्वदच्या आसपास कॉलेजमागचं मुरमाड रान आमच्या विभागाला मिळालं, आणि तिथं फक्त आपल्या भागातली झाडं लावायची असं मी ठरवलं. धावडा, सालई, मेडशिंगी, हिवर. प्राचार्यांना गुलमोहर हवे होते. पाहुण्यांना दाखवायला काहीतरी रंगीत असावं, असं त्यांचं म्हणणं.

वायवर्णा मात्र कुठं मिळेना. वडीगोद्रीजवळ ओढ्याकाठी एक होता. चैत्रात पांढऱ्या-पिवळ्या फुलांनी लगडलेला मी एसटीच्या खिडकीतून पाहिला होता. एका रविवारी उतरून त्या शेतात गेले, तर मालक आणि त्यांची बायको त्याच झाडाखाली भाकरी खात बसलेले. तिथं विहीर खोदायची होती, झाड त्याच आठवड्यात जाणार होतं. पाण्यापुढं इलाज नाही, असं मालक म्हणाले. मुळातून फुटलेले कोंब मी मागितले, तेव्हा बायकोनं स्वतःच कुदळ उचलली. ओल्या पोत्यात गुंडाळून कोंब माझ्या हातात दिले.

त्यातला एकच जगला. पहिल्या उन्हाळ्यात त्याचीही नुसती काडी उरली. प्राचार्य म्हणाले, मेलंय ते, उपटून टाका. मी नखानं साल खरवडून आतला हिरवा रंग दाखवला. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि "बरं, राहू द्या," म्हणून निघून गेले.

झाड माझ्या डोक्यावर गेलं, त्यानंतरच्या एका जूनमध्ये ती बाई मुलीला अकरावीला घालायला कॉलेजात आली. मी ओळखलं नाही, तिनंच ओळख दिली. मी तिला मागं घेऊन गेले. तिनं खोडावर हात ठेवला.

"हिरीला पाणी लागलंच न्हाई, बाई," ती म्हणाली. "मंग मालकानं त्या अंगाला जाणंच सोडलं."

मग तिनंच विषय बदलला. कोवळी पानं खुडून माझ्या ओंजळीत घातली, चिंच घालून उकडा म्हणजे कडूपणा जातो, असं सांगितलं. मुलगी घाई करत होती, तरी तिनं कृती पुरी सांगितली.

संध्याकाळी मी भाजी केली. चिंच बहुतेक कमी पडली. घरात कुणी दुसऱ्यांदा वाढून घेतली नाही.