वेलबुट्टीचा सरकारी कागद

मी एकदा एका माणसाला सांगितलं, "हा कागद लागतोच." तो लागत नव्हता, आणि मला ते माहीत होतं. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

तालुक्याच्या कचेरीसमोर कडुनिंबाखाली माझं टेबल आहे. पंचवीस वर्षं मी तिथं बसून लोकांचे अर्ज लिहितो. आधी टाइपरायटर होता, आता लॅपटॉप आणि प्रिंटर. लहानथोर सगळे मला चाचा म्हणतात, कचेरीतले कारकूनही. गिरणी म्हणा, वर्कशॉप म्हणा, काहीही नवं सुरू करायचं झालं की परवानगीची फाईल माझ्या टेबलावरूनच आत जाते.

वीसेक वर्षांपूर्वी एकाच्या तेलघाण्याची फाईल केली. सहाच कागद. हातात घेतली तर अगदीच बारीक दिसायला लागली. गिऱ्हाईक म्हणेल, चाचानं केलं काय? म्हणून सातवा कागद मी मनानंच रचला. वर ठळक अक्षरांत 'चतुःसीमा संमतीपत्र' आणि खाली चार चौकटी. जागेच्या पूर्वेचा, पश्चिमेचा, दक्षिणेचा आणि उत्तरेचा शेजारी, प्रत्येकानं 'माझी काही हरकत नाही' म्हणून सही करायची. मावसभावाचा लग्नपत्रिकांचा छापखाना होता, तिथंच छापून घेतला. त्यानं आपल्याकडून कडेनं वेलबुट्टी टाकली. म्हणाला, नुसतं कोरं बरं दिसत नाही.

फाईल पास झाली. महिन्याभरानं दुसऱ्या कुणाची आत गेली, ती कारकुनानं परत पाठवली. "ह्याला चतुःसीमा नाही. मागच्या फाईलला होती की!" मी तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. मी छापखान्यात जाऊन शंभर प्रती काढून आणल्या. पुढं कचेरीच्या भिंतीवर लागणाऱ्या कागदांची यादी चिकटवली गेली, त्यात सातव्या नंबरावर माझा कागद. तो फक्त माझ्याच टेबलावर मिळायचा. लोक मला 'चतुःसीमावाले चाचा' म्हणायला लागले. मला ते आवडायचं, हेही लिहून टाकतो.

अलीकडची गोष्ट. दसऱ्याला महिना असेल, चाळिशीची एक बाई सासूला घेऊन आली. ती आणि तिच्या गावातल्या आणखी सात जणी दरवर्षी कोपरगावकडं ऊसतोडीला जायच्या. यंदा जायचं नाही, असं हिनं मनावर घेतलं होतं. गाईगुरांसाठी हिरवा चारा कुटून, हवाबंद दाबून ठेवतात, त्या मुरघासाला माणसाच्या उंचीच्या पिशव्या लागतात. त्या शिवायच्या. संगमनेरचा एक व्यापारी होईल तेवढा माल घ्यायला तयार होता. शिलाईची मशिनं येऊन पत्र्याच्या शेडमध्ये झाकून ठेवलेली. पण परवानगीशिवाय वीज मिळेना, आणि दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघणार. मुकादम दारात येऊन सांगून गेला होता, "लवकर काय ते बोला. न्हाईतर मी दुसऱ्या बाया बघतो."

"चाचा, सहा कागद हायेत. सातवा तेवढा द्या," ती म्हणाली. मी दिला.

पूर्वेच्या शेजाऱ्यानं लगेच सही केली. पश्चिमेचा पुण्याला राहतो, त्याच्याकडं टेम्पोवाल्याच्या हाती कागद पाठवून सही आणली. दक्षिणेला ओढा.

"आता ओढ्याची सही कोन करनार?" सासूनं कारकुनाला विचारलं.

"ओढ्याला विचारून बघा. नाहीच म्हणाला तर ग्रामपंचायतीचा शिक्का आणा."

शिक्काही आला. उत्तरेला निघाला चुलत दीर. त्याची अट एकच. त्याच्या पोराच्या लग्नातून ही सासू न जेवता उठून आली होती. तिनं आधी त्याच्या घरी येऊन पोटभर जेवावं, मग सही.

"त्याच्या घरी मी पानीबी प्यायची न्हाई," सासू माझ्या टेबलासमोरच कडाडली. "सख्खी चुलती मी त्याची, अन् मला शेवटच्या पंगतीला बसवतो व्हय?"

"आत्या, सहीपुरते दोन घास खा की," सून काकुळतीला आली.

"तूच खा. तुझ्या पोटात लई जागा हाय."

मी हसलो. माझ्या कागदामुळंच हे चाललंय हे ठाऊक असूनही हसलो.

चौथ्या खेपेला सून एकटीच आली. समोर बसली आणि म्हणाली, "चाचा, खरं सांगा. ह्यो कागद लागतोच का?"

हाच प्रश्न, ह्याच टेबलासमोर, पंधरा वर्षांपूर्वी एका फिटरनं मला विचारला होता. पुण्याकडची नोकरी सोडून तो गावी आला होता. कडबाकुट्टीची यंत्रं बनवायची होती त्याला, गावातली चार पोरं कामाला घेणार होता. शेजारी सही देईना. मी त्याच्याकडं न बघता म्हणालो होतो, "लागतोच." खरं बोललो असतो तर कचेरीत माझं हसं झालं असतं, एवढंच. तो पुन्हा पुण्याकडं निघून गेला.

बाईला मी म्हणालो, "नाही लागत. चल माझ्याबरोबर."

आत कारकून ऐकेना. "चाचा, इतकी वर्षं चालतंय. तुम्हीच तर आणून देता!"

"मीच काढलाय तो कागद."

"सकाळी सकाळी चेष्टा नको."

मग मी कागद थेट कचेरीत नव्यानं आलेल्या अधिकारी मॅडमच्या टेबलावर ठेवला. "मॅडम, मजकूर राहू द्या. नुसती कड बघा."

त्यांनी चष्मा सारखा केला. कडेनं आंब्याची पानं, कोपऱ्यात नारळ, आणि खाली समोरासमोर दोन सनया.

"सरकारी कागदावर सनई कधी बघितली का?" मी विचारलं.

मॅडमना आधी खोकला आला, मग हसू फुटलं. "म्हणजे आपण आजवर फाईलला लग्नपत्रिका लावतोय?"

"तरीच म्हनलं," दारातला शिपाई म्हणाला, "ह्यो कागद हातात आला की मला बुंदीची आठवन का येती!"

सगळी कचेरी हसली. मॅडमनी नियमांचं पुस्तक मागवून चाळलं, चतुःसीमा कुठंच नव्हती. त्यांनी उठून भिंतीवरच्या यादीतला सातवा नंबर पेनानं खोडला. बाई माझ्याकडं बघत राहिली. हसली नाही. "चार खेपा झाल्या, चाचा," एवढंच म्हणाली.

वीज आली. टोळी गेली, ह्या आठ जणींना सोडून. परवा शेडवर जाऊन आलो. मशिनांच्या आवाजातही बायकांच्या गप्पा त्यांच्यापेक्षा वरच्या पट्टीत. मला बघून एकीनं हाळी दिली, "चाचा, तुमच्या मापाची पिशवी शिवू का? सगळे जुने कागद बसतील!" तेवढ्यात चुलत दीर दारात उभा. "सही न्यायला कुनी आलंच न्हाई?" त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसलं.

"तुझी सही आता लागत न्हाई," सासू म्हणाली. "बस, च्या घे."

तो बसला, दोन कप प्याला. तिसऱ्या मशिनवर आता त्याची सून असते.

लग्नपत्रिकेचा किस्सा तालुकाभर झालाय. लोक मला तो सांगायला लावतात आणि मीही रंगवून सांगतो. फिटरचं नाव त्यात येत नाही. ईदला त्याचा मेसेज अजून येतो, 'चाचा, मुबारक हो.' मी शुक्रिया लिहून मोबाईल खिशात ठेवतो.

त्याच्यासमोर बसून, तो कागद नियमात नव्हता आणि मला ते माहीत होतं, हे त्याला सांगणं माझ्याकडून अजून बाकी आहे.