पुस्तकवाल्याच्या पिशवीतल्या खुणा

ती घटना आजही जशीच्या तशी आठवते, आणि तरीही निवृत्तीनंतरच्या प्रत्येक भाषणात मी ती गाळत आलो. "जुनं उकरून काय मिळणार?" असे माझे तेव्हाचे सहकारी अजूनही विचारतात. मिळणार काहीच नाही. तरी लिहिणार आहे. कोणाला राग आला तर येऊ दे.

मी तेव्हा पुण्यात उपनिरीक्षक होतो. नारायण पेठेत एकट्या राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेच्या घरातून दागिने गेले. दाराचे कुलूप शाबूत, कपाट किल्लीने उघडलेले. बाई रोज सकाळी तासभर फिरायला जात. चोराला ती वेळ माहीत होती. पंचनामा चालू असतानाच त्यांच्या पुतण्याने मला बाजूला घेतले.

"साहेब, पुस्तकवाल्याकडे बघा. दर आठवड्याला येतो, बसून चहा पितो. कोण कधी घरी नसतं, सगळं ठाऊक असतं त्याला."

पुस्तकवाला म्हणजे सायकलवरून घरोघर पुस्तके पोचवणारा, स्वतःचे छोटे वाचनालय चालवणारा पन्नाशीचा गृहस्थ. त्याला चौकीत आणले. पिशवीत एकाच मालिकेतल्या सात रहस्यकथा निघाल्या. प्रत्येकीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने त्रिकोण, फुल्या, गोल.

त्या मालिकेचा मी भक्त होतो. तिच्यातला गुप्तहेर एका नजरेत गुन्हेगार ओळखतो आणि कधीच चुकत नाही. मी ठरवून टाकले, या खुणा म्हणजे घरे. त्रिकोण म्हणजे एकटी बाई, फुली म्हणजे काम झाले.

"या खुणा कसल्या?"

"वाचकांच्या, साहेब. वाचलेलं पुस्तक परत घरी येऊ नये म्हणून करतात. मी नको म्हणतो, पण ऐकतंय कोण!"

हे उत्तर मला फारच साधे वाटले. मग मी त्याला बोलते करण्यासाठी विचारले, "यातला गुप्तहेर कसा वाटतो?"

"खरं सांगू? मला त्याचा हवालदार आवडतो. दर पुस्तकात चुकतो, ओशाळतो, आणि पुढच्या पुस्तकात पुन्हा ड्यूटीवर हजर. गुप्तहेराला चुकायची सोयच नाही हो. असा माणूस कंटाळवाणा होतो."

मला ते स्वतःबद्दल वाटले. मी त्याच्या थोबाडीत मारली. दोनदा.

त्याच्या घराची झडती घ्यायला त्याला दंडाला धरून पेठेतून चालत नेले. त्याचे सगळे वाचक दारात उभे होते. झडतीत काही सापडले नाही, तरी दोन दिवस त्याला बसवून ठेवले. स्टेशन डायरीत नोंद एवढीच : 'चौकशीकामी हजर'.

तिसऱ्या दिवशी शिक्षिका तपासाची विचारपूस करायला आल्या. माझ्या टेबलावरची पुस्तके त्यांनी चाळली.

"अहो, हा त्रिकोण माझा. फुली समोरच्या वकिलांची, गोल त्यांच्या सूनबाईंचा. या सगळ्या पुस्तकांची नावं एकसारखी. खूण नसेल तर तेच पुस्तक पुन्हा गळ्यात पडतं. तुम्ही वाचनालयातून कधी पुस्तक आणलं नाहीत का?"

"मी विकत घेतो."

"तरीच," बाई म्हणाल्या. "आणि त्या बिचाऱ्याला अडकवलं कोणी?"

मी पुतण्याचे नाव सांगितले. बाई खुर्चीत बसल्या. "दाराची आणि कपाटाची दुसरी किल्ली त्याच्याकडे असते," त्या हळूच म्हणाल्या. दुसऱ्या किल्ल्या कोणाकडे असतात, हे मी एकदाही विचारले नव्हते.

संध्याकाळपर्यंत पुतण्याने कबुली दिली. दागिने कात्रजला त्याच्या मित्राकडे मिळाले. वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली. पुस्तकवाल्याला मी "जा" म्हणालो, एवढेच. पेठेतल्या लोकांनी त्याला "नंतर बघू" म्हणायला सुरुवात केली आणि वर्षभरात त्याचे वाचनालय बंद पडले.

"तपास असाच होतो," असे सहकारी म्हणतात. मी साफ नाकारतो. टीप देणाऱ्याला आधी तपासायचे, हे आम्हाला प्रशिक्षणातच शिकवले होते. मी ते विसरलो, कारण पुतण्याचा शर्ट इस्त्रीचा होता आणि पुस्तकवाला घामेजलेला. कधीच न चुकणारा अधिकारी पुस्तकात शोभतो. चौकीत तो धोकादायक असतो.

गेल्या वर्षी पत्ता काढून वाघोलीला त्याच्या मुलीच्या घरी गेलो. "मी त्यांचा जुना वाचक," असे दारात खोटेच सांगितले. त्याने मला ओळखले, बसा म्हणाला. मुलगी चहा देताना म्हणाली, "बाबांनी पुस्तकांचं काम का सोडलं, कधी सांगितलंच नाही."

"गुडघे दुखायचे. दुसरं काय?" माझ्याकडे न बघता तो म्हणाला.

तीच वेळ होती. वाक्य तोंडात तयार होते. आणि मी विचारले, "इथे पाण्याचं कसं काय? टँकर लागतो का?"

दोन महिन्यांनी फोन केला, तेव्हा मुलीने बाबा गेल्याचे सांगितले. ते वाक्य असे होते : तुम्ही खरं सांगत होता, आणि मी तुम्हाला मारलं, मला माफ करा.