दस्तगीरचाचांचा कोरडा पुठ्ठा

फरीदाबादच्या दस्तगीरचाचांमुळे माझं स्टिअरिंग माझ्याच हातात राहिलं. हे आधी सांगतो, बाकीचं मग.

चाचा मूळचे मिरजेचे. त्यांच्या गॅरेजसमोर कुठलीही गाडी थांबली, अगदी चहापुरती का असेना, की ते तिच्या इंजिनाखाली पुठ्ठा सरकवायचे. "ड्रायव्हर लपवेल, पुठ्ठा नाही लपवत," म्हणायचे. माझ्या ट्रकखालचा पुठ्ठा बघता बघता लाल झाला. पॉवर स्टिअरिंगचं तेल गळत होतं.

नववीत शाळा सुटली, क्लीनर झालो. ड्रायव्हर म्हणून ही पहिलीच खेप, मागे दिल्लीच्या मंडईसाठी तासगावची द्राक्षं. फरीदाबादच्या अलीकडं, पलवलनंतर स्टिअरिंग इतकं जड झालं की वळणावर सगळं अंग टाकावं लागायचं; कसाबसा चाचांच्या गॅरेजसमोर येऊन थांबलो. मालक फोनवर म्हणाले, "रात्री ट्रकांची नो-एंट्री उठली की गाडी दिल्लीत शिरली पाहिजे. जमत नसेल तर दुसरा ड्रायव्हर पाठवतो. तू परत क्लीनर."

शेजारच्या गॅरेजातला मिस्त्री म्हणाला, "पूरा पंप बदलो. कल आएगा."

माझा चेहरा बघून चाचांनी विचारलं, "कुठला रे तू?"

"तासगाव."

"म्हणजे शेजारचाच की! मग रडतोस कशाला? आधी गळतंय कुठून ते बघू, रडायचं नंतर."

त्यांनी पंप उतरवला, त्याच्या शाफ्टवरचा, तेल अडवणारा रबरी सील बदलला, पंप परत चढवला. मी इंजिन चालू करून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. पुठ्ठ्यावर पुन्हा लाल थेंब! सील नवा, गळती तीच. ताडपत्री उन्हानं तापलेली, खाली द्राक्षं. खिशात फोन वाजतच होता.

"उचलू नकोस," चाचा म्हणाले. "सांगणार काय, थेंब बघत बसलोय म्हणून?"

पंप पुन्हा खाली आला. चाचांनी शाफ्टवर नख फिरवलं, मग माझं बोट धरून तिथंच टेकवलं. नखाला बारीक खाच लागली. जुन्या सीलनं घासून घासून पाडलेली.

"नवा सीलही त्याच खाचेवर बसला, बाळा. गळणारच. याला केसभर अलीकडं बसवू, चांगल्या जागेवर."

"चाचा, ये तो जुगाड है," मिस्त्री हसला.

"बिल्कुल नहीं, बेटा. बस, खड्डे से हटाकर बिठा रहा हूँ."

दुसरा सील हलक्या हातानं ठोकत अलीकडं बसवला. तेल भरलं. मी केबिनमध्ये चढलो.

"सावकाश फिरव. टोकाला दाबून धरू नकोस, पंप ओरडतो."

स्टिअरिंग एका हातानं फिरलं. चाचा दुखरे गुडघे मोडून पुठ्ठ्याजवळ बसले होते. मी वरून विचारायलाही घाबरत होतो. शेवटी पुठ्ठा खिडकीपर्यंत वर आला. कोरडा. तरी सोडेनात. शेजारी बसून सर्व्हिस रोडला फेरी मारायला लावली, परत येऊन नवा पुठ्ठा सरकवला. तोही कोरडा.

पहाटे माल मंडईत उतरला. परतीचा मालही मालकांनी मलाच भरायला सांगितला.

निघताना चाचा म्हणाले होते, "मिरजेत बहीण आहे माझी. या गुडघ्यांनी रेल्वेत कोण चढणार?"

"माझ्या केबिनमध्ये चला की, चाचा."

"चढताना धरशील तर येतो. पण आधी पुठ्ठा बघणार हां! कोरडा असेल तरच बसणार."

त्या दिवसापासून जिथं थांबतो तिथं इंजिनाखाली पुठ्ठा सरकवतो. दिल्लीहून सांगलीला जाणारा माल मिळाला की एक दिवस फरीदाबादला वळणार आहे. चाचांना धरून केबिनमध्ये चढवीन, पाय लांब करून बसवीन आणि बहिणीच्या दारात नेऊन उतरवीन.