ओढ्यापलीकडचं राज्य

आमच्या गावाच्या पश्चिमेला एक ओढा होता. उन्हाळ्यात त्यात पाऊल भिजेल एवढंच पाणी असायचं, म्हशीलासुद्धा नीट बसता येत नसे. तरी तो दोन राज्यांची हद्द होता. अलीकडं इंग्रज, पलीकडं संस्थान. इंग्रजांच्या आधी इथं पेशवे, त्यांच्या आधी मोगल, आदिलशाही, आणि समोरचा तिकोना किल्ला कुणाकुणाच्या हातात गेला याचा हिशेब गावात कुणालाच नीट सांगता येत नव्हता. ओढ्याला तर यातलं काहीच कुणी कळवलं नव्हतं.

माझं माहेर इंग्रजांत आणि मामाचं घर संस्थानात. मधे फार तर दोनशे पावलं. वरात ओढ्याशी आली की शिवेला नारळ फोडायचा आणि पुढं जायचं. तो नारळ शिवेच्या देवाचा. दोन्ही सरकारांपैकी कुणीही त्यावर हक्क सांगितल्याचं ऐकिवात नाही.

बेचाळीस साली माझ्या धाकट्या भावानं रेल्वेच्या कडेच्या तारा तोडल्या. मला लोणावळ्याला दिलेलं, नवरा रेल्वेत. तारा नेमक्या आमच्या चाळीमागच्या तोडल्या, त्यामुळं नवरा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. भावावर वॉरंट निघालं. तो घरी आला, भाकरी खाल्ली आणि ओढा ओलांडून मामाकडं जाऊन राहिला. इंग्रजी पोलिसाला संस्थानात जाऊन माणूस धरायचा तर आधी कागद लागे. तो कागद कुणी मागितला की नाही, देव जाणे. आला मात्र कधीच नाही. त्याऐवजी ओढ्याच्या अलीकडं जांभळीखाली एक शिपाई बसवला.

असं चार वर्षं चाललं. शिपाई तीन झाले. तिसरा जाडा होता, त्याला चार मुली होत्या, आणि उन्हाचा त्याला भारी त्रास व्हायचा. दुपारी हा या काठावर आणि माझा भाऊ त्या काठावर. तंबाखूची चंची ते एकमेकांकडं फेकत. हातात देत नसत, कारण हातात द्यायची तर कुणाला तरी राज्य ओलांडावं लागलं असतं. आई रोज पलीकडं जाऊन त्याला बघून यायची. म्हातारीला अडवायचा हुकूम शिपायाला नव्हता.

सेहेचाळीसच्या उन्हाळ्यात आईनं अंथरूण धरलं. मी लोणावळ्याहून येऊन राहिले. वडील आधीच गेलेले. आईचं एकच मागणं होतं, अग्नी लेकाच्या हातचा हवा. आता पेच असा, की लेक अलीकडं आला तर तुरुंगात जाणार, आणि मेलेलं माणूस शीव ओलांडून दुसऱ्या गावात न्यायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. तो मोडायला कुणी इंग्रज येणार नव्हता, संस्थानिकही नाही.

तोड आईनंच काढली. "जित्ती हाय तवर न्या मला पल्याड," म्हणाली. "तितं मरंन."

मामानं त्याच्या गावच्या पाटलाला विचारलं. पाटील म्हणाला, "जित्या मान्साला कोन आडवतंय? येऊं द्या म्हातारीला."

गाडी जुंपायची ठरली. गाडीत पेंढा अंथरला, वर घोंगडी टाकली. तेवढ्यात मीच म्हणाले, उद्या अवस आहे, आजारी माणसाला अवसेच्या तोंडावर शिवेपार न्यायचं नाही, दोन दिवस थांबा. सगळ्यांना ते पटलं, मामालाही. आईनं माझ्याकडं बघितलं. गाडीतला पेंढा बैलांनी खाल्ला.

आई अवसेच्या दिवशी सकाळी गेली.

अग्नी चुलतभावानं दिला. आमचं मसणवटं ओढ्याकाठीच होतं. पलीकडं माझा भाऊ उघड्या अंगानं उभा होता. शिपाई उठला, टोपी काढून काखेत मारली आणि म्हणाला, "मी तोंड फिरवून बसतो. या तुमी. दोन घटका मला काय बी दिसायचं न्हाई."

भाऊ म्हणाला, "आन कुनी सांगितलं म्हंजी? चार पोरी हायत तुमाला."

तो आला नाही. चिता विझेपर्यंत तिथंच उभा राहिला. शिपाई खरोखरच पाठ करून बसला होता, आणि रडत होता. मला त्या वेळी दोघांचाही राग आला. एवढा चांगुलपणा नको होता.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी शिपाई कागद घेऊन आला. मुंबईत नवं मंत्रिमंडळ आलं होतं, आणि माझ्या भावावरचं वॉरंट रद्द झालं होतं. कागद निघाल्याला महिना होऊन गेला होता. आरोपी संस्थानात आहे, म्हणून कुणी तरी तो संस्थानच्या कचेरीत धाडला. तिथं कुणी तरी वाचून ठरवलं की माणूस इंग्रजी रयत आहे, आणि परत धाडला. शिपाई ओढ्याकाठी उभा राहून तो मोठ्यानं वाचत होता. तारखेशी आला आणि थांबला. मग ती पुन्हा वाचली.

म्हणजे आई गेली त्या दिवशी भावाला कुणी धरणार नव्हतं. गाडी लागणार नव्हती, पेंढा लागणार नव्हता. तो चालत आला असता.

भाऊ ओढा ओलांडून आला. मसणवट्याजवळ थांबला नाही, सरळ घरी आला आणि आईच्या रिकाम्या बाजेवर बसला. मी त्याला पाणी दिलं. "घरातच गेली का?" एवढंच त्यानं विचारलं. मी हो म्हटलं.

दोन वर्षांनी संस्थान विलीन झालं आणि दोन्ही काठ एकाच सरकारचे झाले. गावात पेढे वाटले. भाऊ त्यानंतर पुष्कळ वर्षं जगला. दोन दिवस थांबायला कुणी सांगितलं, हे त्याला मामाकडून कळलंच असणार. त्यानं मला कधी विचारलं नाही. दर दिवाळीला मी माहेरी जायचे, तो मला साडी घ्यायचा, आणि मी वाट बघायचे की आज विचारेल.